पोटातली सुई कुणाला द्यायची?

मार्चअखेरीला आमच्या फार्मसीत ‘एबीसी’ काढतात. वर्षभरात कोणत्या औषधावर किती पैसे गेले ते उतरत्या क्रमाने लावायचं आणि वरची जी मोजकी औषधं बहुतेक खर्च खातात त्यांना ‘ए’ म्हणायचं. जिल्ह्याच्या गावातलं ट्रस्टचं हॉस्पिटल, त्यात केमोचं डे-केअर, आणि तिथे मी क्लिनिकल फार्मासिस्ट. यादीच्या टोकाला ट्रास्टुझुमॅब किंवा रिटुक्सिमॅब असं कॅन्सरवरचं महागडं औषध असणार हे मी धरूनच चालले होते. निघालं भलतंच. पहिल्या नंबरला जे औषध होतं ते कॅन्सरवरचं नव्हतंच. पेगफिलग्रास्टिम. स्टाफ त्याला नुसतं ‘पेग’ म्हणतो, पेशंट ‘पोटातली सुई’ म्हणतात.

ज्यांचा या दुनियेशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केमो गाठीवर घाव घालते तशी हाडांतल्या मगजावरही घालते. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्याच दिवसांत ताप आला तर तो साधा ताप नसतो, जंतू रक्तात पसरून माणूस दगावू शकतो. पेशी लवकर वर याव्यात म्हणून फिलग्रास्टिम देतात. अमेरिकेत ते १९९१ मध्ये बाजारात आलं आणि त्याचं जास्त टिकणारं रूप, म्हणजे पेग, २००२ मध्ये. साधं फिलग्रास्टिम रोज एक याप्रमाणे बरेच दिवस घ्यावं लागतं, पेग एका सायकलला, म्हणजे केमोच्या एका फेरीला, एकदाच. सोय मोठी आहे, यात वाद नाही. आपल्याकडे भारतीय कंपन्यांचं पेग मिळतं, तरी छापील किंमत आणि घाऊक किंमत यांत इतकी तफावत असते की एकच इंजेक्शन एका दुकानात दुसऱ्याच्या कितीतरी पट पडतं.

ते कुणाला द्यायचं याचा नियम काही गुप्त नाही. ज्या केमोने असा ताप येण्याची शक्यता वीस टक्क्यांहून जास्त, तिथे पहिल्यापासून द्या. दहा ते वीसच्या मध्ये असेल तर पेशंट बघा: वय पासष्टच्या पुढे आहे का, आधी असा ताप येऊन गेलाय का, मूत्रपिंड-यकृत कसं आहे. दहाच्या खाली असेल तर देऊ नका. पूर्वी ही वरची रेघ चाळीस टक्क्यांवर होती. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, ‘अॅस्को’ने, २००६ मध्ये ती वीसवर आणली. पुढे २०१२ मध्ये त्याच संघटनेने ‘सवयीने करतो पण गरज नसते’ अशा पाच गोष्टींची यादी काढली, त्यात वीस टक्क्यांखाली ही इंजेक्शनं देणं हा एक मुद्दा होता. थोडक्यात, हा प्रश्न फक्त आमच्या गावचा नाही.

मी डे-केअरच्या फायली काढून बसले. केमोचं नाव, वय, पेग दिलं की नाही, एवढेच रकाने. थोड्याच फायलींनंतर मी चौथा रकाना वाढवला: पैसे कुणी भरले.

कारण चित्रच तसं होतं. महात्मा फुले योजनेत प्रत्येक सायकलचं पॅकेज ठरलेलं असतं, औषधं त्यातच बसवायची. म्हणून योजनेच्या पेशंटला पेग जवळजवळ नाहीच. मेडिक्लेम असलेल्याला आणि रोख भरणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक सायकलला. तीच केमो, तेच वय, फरक फायलीच्या रंगाचा, आणि रंग पैसे कोण भरतं त्यावरून. पोटातली सुई कुणाला मिळायची ते मगजावरून ठरत नव्हतं, काउंटरवर ठरत होतं.

आणि हे दोन्ही बाजूंनी चुकत होतं. स्तनाच्या कॅन्सरला दर आठवड्याची पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या रोखीच्या बाईंना मधल्या एका दिवशी पेग टोचलेलं. त्या केमोला मुळात तापाचा धोका कमी. शिवाय पुढच्या केमोच्या आधीचे चौदा दिवस आणि केमोनंतरचे चोवीस तास पेग द्यायचं नाही असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, कारण नव्याने भराभर वाढणाऱ्या पेशी नेमक्या पुढच्या केमोच्या तडाख्यात सापडतात. आठवड्याच्या केमोत असे चौदा दिवस येणार कुठून? उलट, लिम्फोमाला, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरला, आर-चॉप ही केमो घेणारे सत्तरीचे आजोबा केशरी रेशनकार्डावर आलेले. त्यांना पहिल्या सायकलपासून मिळायला हवं होतं. मिळालं कधी, तर तापाने आठवडाभर अॅडमिट राहून आल्यावर.

तक्ता घेऊन मी सरांकडे गेले. आमचे सर म्हणजे विभागप्रमुख, तीस वर्षं हेच काम. ते चिडतील या तयारीने गेले होते. त्यांनी तक्ता नीट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “मॅडम, गाइडलाइन लिहिणाऱ्याचा पेशंट ताप आला की अर्ध्या तासात इमर्जन्सीत पोचतो. माझा पेशंट आधी क्रोसिन घेतो. मग गावातल्या डॉक्टरकडे दोन दिवस सलाईन घेतो. मग एसटी पकडतो. तो येतो तेव्हा बीपी लागत नसतं. मी पेग देतो ते त्या दोन दिवसांसाठी.”

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हा युक्तिवाद मला आजही अर्धा पटतो. अनावश्यक औषधांवर बोलणारे बरेच जण डॉक्टर म्हणजे कमिशन असं समीकरण मांडून मोकळे होतात. कमिशनही असतं, नाही असं कोण म्हणेल? पण आमच्याकडचं मोठं कारण भीती होतं, आणि ती भीती पेशंट गमावून आलेली होती. तिला तक्त्याने उत्तर देता येत नाही. त्या दोन दिवसांचं काय करायचं, ते सांगावं लागतं.

म्हणून आम्ही सुरुवात पेग कमी करण्यापासून केलीच नाही. सुरुवात केली थर्मामीटरपासून. पहिल्या केमोलाच प्रत्येक पेशंटला एक डिजिटल थर्मामीटर आणि एक पिवळं कार्ड. कार्डावर मोठ्या अक्षरात: ‘ताप १००.४ किंवा जास्त – गोळी घेऊन झोपू नका, फोन करा’, खाली डे-केअरचा आणि रात्रीचा नंबर. त्याखाली गावातल्या डॉक्टरांसाठी चार ओळी: हा पेशंट केमोवर आहे, ताप असेल तर सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या चाचणीच्या) रिपोर्टसाठी थांबू नका, पहिला अँटिबायोटिक द्या आणि पाठवा. थर्मामीटर बघायला शिकवणं हे सिस्टरांचं काम. त्या पेशंटला नाही, सोबत आलेल्या सुनेला किंवा नातवाला शिकवतात, आणि त्याच्याकडून दोनदा करून घेतात. नातू असला तर पहिल्या झटक्यात जमतं.

दुसरं टोक आमच्याच कॅज्युअल्टीचं. केमोचा पेशंट तापाने आला तर तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, हा जगभरचा नियम. आमच्याकडे मात्र आधी केसपेपर, मग डिपॉझिट, मग ज्युनियर डॉक्टरचा वरच्यांना फोन, मग चिठ्ठी घेऊन नातेवाईक फार्मसीच्या रांगेत. त्यावर तोडगा अगदी साधा निघाला. कॅज्युअल्टीच्या कपाटात पहिल्या डोसचा सीलबंद डबा ठेवला, हिशेब सकाळी. प्रशासनाशी सगळ्यात जास्त भांडण या डब्यावरून झालं. ‘पैसे न भरता पेशंट निघून गेला तर?’ असं विचारलं गेलं. एकशे एक ताप असलेला, सलाईन लावलेला माणूस उठून कुठे पळणार होता ते मला अजून कळलेलं नाही.

हे दोन्ही रुळल्यावर सर आपणहून म्हणाले, आता तुमचा कागद आणा.

कागद म्हणजे छापील ऑर्डरशीट. आधी प्रत्येक केमोची ऑर्डर हाताने लिहिली जायची आणि त्यात पेग, महागडं उलटीचं इंजेक्शन, अॅसिडिटीचं, व्हिटॅमिनची बाटली हे सगळं ओघात यायचं. रेसिडेंट आदल्या पेशंटचा कागद समोर ठेवून उतरवून काढायचा. नव्या कागदावर प्रत्येक केमोची वेगळी शीट. डोस-डेन्स एसी, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरची जास्त धोक्याची केमो, असेल तर पेग आधीच छापलेलं. एकवीस दिवसांची एसी किंवा आर-चॉप असेल तर पेगसमोर वय, आधीचा ताप, इतर आजार अशा चौकटी, एकीवर जरी खूण झाली तरी द्यायचं. आठवड्याची पॅक्लिटॅक्सेल किंवा आतड्याच्या कॅन्सरची केपॉक्स असेल तर पेग छापलेलंच नाही. मनाई कुठेही केलेली नाही. कमी धोक्याच्या केमोला द्यायचंच असेल तर खाली ‘कारण’ अशी एक रिकामी ओळ आहे, ती भरा आणि सही करा.

त्या एका ओळीने जे केलं ते आमच्या सेमिनारांनी केलं नव्हतं. कुणी अडवत नाही, पण पेन हातात घेऊन कारण लिहायचं म्हटलं की माणूस क्षणभर थांबतो. आणि मला जास्त समाधान दुसऱ्या बाजूचं आहे: फायलीचा रंग शीटवर कुठेच नाही. केशरी कार्डावरच्या आजोबांना आता चौकटीमुळे पेग मिळतं. पॅकेजात ते बसवायचं तर खरेदी स्वस्तात व्हायला हवी, म्हणून ब्रँड एकच ठेवला आणि घाऊक दरासाठी घासाघीस केली. तोवर स्टोअरमध्ये एकाच औषधाचे चार ब्रँड होते, प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या कंपनीची ‘दहावर दोन फ्री’ची स्कीम.

दर कमी करणं आणि वापर योग्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे ठळक झालं. सरकारने २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवर व्यापारी नफ्याची तीस टक्क्यांची मर्यादा घातली. चांगलंच झालं. पण स्वस्त झालेलं इंजेक्शनसुद्धा नको असताना दिलं तर ते पूर्ण किमतीला वायाच गेलं.

पेगपेक्षा चिवट निघालं ते ‘काउंट’ प्रकरण. केमोच्या आठव्या-दहाव्या दिवशी सीबीसी करायची, पांढऱ्या पेशी हजार-बाराशे दिसल्या की साध्या फिलग्रास्टिमच्या तीन सुया, मग परत सीबीसी. अंगात ताप नाही, पेशंट घरी भाकरी थापतोय, पण रिपोर्टवर लाल अक्षर आलंय. पेशी तळाला जाण्याचेच ते दिवस. ताप नसेल तर नुसत्या आकड्यासाठी हे इंजेक्शन सरसकट द्यायचं नाही, असं सगळी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आकडा दोन दिवस आधी वर येतो, पेशंटला त्याचा फायदा होत नाही. पण ही चाचणी गावातल्या लॅबमध्ये होते, रिपोर्ट गावातले डॉक्टर बघतात आणि ‘काउंट पडलाय’ हा शब्द ऐकून घरात कुणाला झोप लागत नाही. एक मुलगा मधल्या दिवसाचा रिपोर्ट घेऊन बसने थेट आला होता. हातात स्टीलची दुधाची किटली, किटलीत बर्फ, बर्फाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत तालुक्याच्या दुकानातून घेतलेली तीन इंजेक्शनं. बर्फाला चिकटून त्यातलं एक गोठलं होतं. ही औषधं दोन ते आठ अंशांत ठेवायची, गोठवायची नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या आईला ताप नव्हता. थकवा होता आणि तोंड आलं होतं. तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि मऊ भात सांगून परत पाठवलं. तो दुकानदाराकडे पैसे परत मागायला गेला असेल का, असा विचार मात्र दिवसभर डोक्यात राहिला.

मधली सीबीसी आम्ही शीटवरून काढून टाकली. पुढच्या केमोच्या आदल्या दिवशीची तेवढी ठेवली. गावातल्या डॉक्टरांना पत्रं पाठवली, काहींना फोन केले. एकांनी मनापासून ऐकलं. एकांनी विचारलं, “मग पेशंट आमच्याकडे आला तर आम्ही करायचं काय?” प्रश्न बरोबर होता. आता फायलीवर स्टिकर असतो: ताप बघा, तोंड बघा, सुईची जागा बघा, शंका असल्यास फोन.

उलटीच्या औषधांचं त्या मानाने लवकर झालं. सिस्प्लॅटिन किंवा एसीला जोरदार उलट्या होतात, तिथे चार औषधांची मोट बांधावीच लागते. आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलला फोसअॅप्रेपिटंट या महागड्या उलटीच्या औषधाची सलाईन लावायचं कारण नाही, ती काढली. याउलट ओलान्झापिन ही काही रुपयांची गोळी सिस्प्लॅटिन आणि एसीच्या प्रत्येक शीटवर आणली. मळमळीवर तिच्यासारखं काम महागड्या औषधांपैकी फार थोडी करतात. अडचण अशी की ती मूळची मानसोपचारातली. नातेवाईक मोबाइलवर नाव टाकतात आणि ‘स्किझोफ्रेनिया’ वाचून तावातावाने येतात. शिवाय दहा मिलिग्रॅमने पेशंट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झिंगलेला. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अडीच आणि दहा मिलिग्रॅमची तुलना झाली, २०२४ मध्ये ती ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’त आली. अडीचने उलट्या तितक्याच आवरल्या आणि दिवसाची गुंगी कमी झाली. आम्ही लगेच अडीचवर आलो. आता गोळी देतानाच सांगते, ही डोक्याच्या आजारासाठीही वापरतात, तुम्हाला मळमळीसाठी दिली आहे, रात्री घ्या. आधीच सांगितलं की मोबाइल मागे पडतो.

सगळ्यात अवघड गेलं ते हाडांच्या इंजेक्शनचं. कॅन्सर हाडांत उतरलेल्या पेशंटना झोलेड्रोनिक अॅसिड दर महिन्याला देत होतो, परवडणाऱ्यांना त्याऐवजी डेनोसुमॅब, जे कितीतरी महाग. अमेरिकेत १,८२२ पेशंटवर झालेल्या अभ्यासात झोलेड्रोनिक महिन्याऐवजी बारा आठवड्यांनी दिलं तरी हाडं मोडण्यासारखे प्रकार वाढले नाहीत. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झालाय. मूत्रपिंडावरचा ताण कमी, फेऱ्या कमी. कागदावर यात विरोध करण्यासारखं काहीच नाही.

माझ्यासमोर बसलेल्या काकूंनी मात्र वेगळंच ऐकलं. मी समजावत होते आणि त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, “ताई, तीन महिन्यांनी म्हणजे... आता उपयोग नाही म्हणून कमी करताय का? तसं असलं तर पोराला सांगू नका, मला सांगा.”

आम्ही महिनोन्महिने वाचवलेल्या पैशांचे तक्ते बनवत होतो. समोरच्या माणसाला औषध कमी होणं कसं ऐकू येतं याचा रकाना त्यात नव्हता. औषध वाढलं म्हणजे डॉक्टर झुंजतायत, कमी झालं म्हणजे त्यांनी हात टेकले, असाच हिशेब घराघरांत असतो. आणि कितीतरी घरांत औषध खरोखर पैसे संपल्यामुळे बंद झालेलं असतं, त्यामुळे संशयही खोटा नाही. काकूंना मी त्यांच्या स्कॅनचा रिपोर्ट वाचून दाखवला, आजार आहे तिथेच थांबलाय हे दाखवलं. त्यांना पटलं की नाही सांगता येत नाही. तीन महिन्यांनी आल्या, एवढं खरं. तेव्हापासून ‘कमी करतोय’ हे वाक्य सिस्टरांनी आणि मी बोलण्यातून काढलं. ‘पुढचं इंजेक्शन अमुक तारखेला’, एवढंच, आणि तारीख कार्डावर. कुणी का विचारलं तर खुर्ची ओढून पूर्ण सांगायचं.

नाराज झालेले आणखी होते. एमआर मंडळी, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, येईनाशी झाली, त्याचं दुःख कुणाला नाही. अकाउंट्सच्या साहेबांचं म्हणणं मात्र झटकून टाकता आलं नाही. फार्मसीचा नफा घटला, आणि ट्रस्ट ज्या सवलतीच्या खाटा चालवतो त्यांना त्याच नफ्यातून पैसा जातो. म्हणजे रोखीच्या पेशंटच्या नको असलेल्या पेगमधून गरिबाची खाट निघत होती! मीटिंगमध्ये हे वाक्य त्यांनी इतक्या सरळ म्हटलं की दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. आम्ही त्यांना वाचलेले अॅडमिशनचे दिवस दाखवले, ते म्हणाले त्या दिवसांचंही बिल होत होतं. याचं उत्तर फार्मसीत नाही. ट्रस्टींनी यंदा देणग्यांसाठी वेगळं खातं उघडलंय, ते पुरेल असं मला वाटत नाही.

आता हातात अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, आहे. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन कमी दिसलं की बाटली लावायची, ही सवय पेगहूनही जुनी आणि बाटली हजारोंची. रक्तातला आकडा दोन दिवस सुधारतो, माणूस तसाच अशक्त. आहारतज्ज्ञ बाई म्हणतात, त्या पैशात महिनाभराची अंडी, दूध आणि शेंगदाणे येतील. शीट तयार होतेय.

दरम्यान पेगच्या शीटवर भरलेल्या कारणांच्या ओळी मी दर महिन्याला काढून वाचते. ‘मधुमेह, शुगर आटोक्यात नाही’, ‘मागच्या खेपेला ताप’, ‘एकटी राहते, फोन नाही’. ही शेवटची ओळ कोणत्याही गाइडलाइनमध्ये नाही, पण सरांच्या सांगण्यावरून आता ती छापील चौकट झाली आहे. अलीकडे एक नवीन कारण दिसायला लागलंय: ‘नातेवाईकांचा आग्रह’. माझं म्हणणं, हे कारण धरायचं नाही, रेसिडेंटने बसून समजवायचं. सर म्हणतात, ओपीडीत दीडशे पेशंट असताना तो कधी समजवणार, ते आधी सांगा. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर हा दुसऱ्या नंबरला आहे, पहिला कॅज्युअल्टीतल्या डब्याचं कुलूप कुणाकडे ठेवायचं हा.